गेमचा पासवर्ड बदलला, आता झालं ना?

आलेलं पत्र (थोडं छोटं केलंय):

"दादा नमस्कार. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, बरीच वर्षं एक ऑनलाइन गेम खेळतो. अकाउंट माझ्या ईमेलवर काढलंय, कार्डही माझंच जोडलंय. दोन आठवड्यांपूर्वी कंपनीचा मेल आला की त्यांच्या सिस्टीममध्ये कुणीतरी घुसलं होतं आणि यूजरनेम, ईमेल, जन्मतारीख, हॅश केलेले पासवर्ड, सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरं आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे बाहेर गेले असण्याची शक्यता आहे. मी लगेच गेमचा पासवर्ड बदलला. पण खरं सांगते, तोच पासवर्ड माझ्या ईमेलला आहे आणि अजून कुठेकुठे आहे ते मलाच आठवत नाही. नवरा म्हणतो अकाउंटच उडवून टाक. मुलाने रडून गोंधळ घातलाय की सगळ्या स्किन्स (गेममधल्या पात्रांचे मिळवलेले पोशाख) जातील. त्यात परवा त्याला चॅटमध्ये कुणीतरी 'सपोर्ट टीम' म्हणून मेसेज केला, त्याने उत्तर दिलं का ते काही सांगत नाहीये. अजून एक पैसाही गेलेला नाही, मग एवढं घाबरण्यासारखं आहे का? आणि कंपनीकडून भरपाई मिळते का? – वैतागलेली आई"

ताई, हे पुढचं सगळं नंतर वाचा, आधी ईमेलचा पासवर्ड बदला. खरंच, आत्ता उठा आणि बदला. गेमचा बदललात ते बरं केलंत पण ते काम यादीत खरं तर दुसऱ्या नंबरवर होतं.

बदललात? आता सांगतो का ते. तुमचं जगातलं कुठलंही अकाउंट घ्या, त्याच्या लॉगिनच्या पानावर खाली "पासवर्ड विसरलात?" असं लिहिलेलं असतं आणि त्यावर टॅप केलं की नवीन पासवर्डची लिंक येते ती तुमच्या ईमेलवर. म्हणजे ज्याच्या हातात तुमचा ईमेल त्याला बाकी एकही पासवर्ड माहीत असायची गरज नाही, तो एकेक अकाउंट रीसेट करत जाईल आणि तुम्ही बघत राहाल. आणि त्या कंपनीच्या डेटामध्ये तुमचा ईमेल पत्ता आणि त्याच ईमेलचा पासवर्ड (हॅश केलेला का होईना) शेजारीशेजारी ठेवलेला होता. म्हणून म्हणतो, चोरी गेमच्या कंपनीत झाली असली तरी तुमच्या बाबतीत धोका गेममध्ये कमी आणि ईमेलमध्ये जास्त आहे.

नुसता पासवर्ड बदलून तिथून निघू नका. ईमेलच्या सेटिंगमध्ये जा आणि चार गोष्टी बघा. कुठल्या कुठल्या डिव्हाइसवर लॉगिन चालू आहे ते बघा आणि "सगळीकडून लॉगआउट" असं बटण असेल तर ते दाबून टाका, कारण पासवर्ड बदलला तरी आधीपासून आत असलेला माणूस काही ठिकाणी आतच राहतो. रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल तुमचाच आहे ना ते बघा, जुना बंद पडलेला नंबर असेल तर काढा. तिसरं म्हणजे फॉरवर्डिंग आणि फिल्टर, हे कुणीच बघत नाही. कुणी आत शिरून गेला असेल तर जाताना एक छोटा नियम लावून जातो की बँकेचे, रीसेटचे मेल गुपचूप माझ्याकडे पाठव नाहीतर थेट कचऱ्यात टाक, मग तुम्ही पासवर्ड दहा वेळा बदला, त्याला तुमचं टपाल येतच राहतं. आणि चौथं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारला जातो. त्यासाठी फोनमध्येच कोड बनवून देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जमलं तर उत्तम, एसएमएसचा कोड त्यापेक्षा थोडा कच्चा पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. बॅकअप कोड देतात ते कागदावर लिहून घरात ठेवा, फोनच हरवला तर तेवढेच कामाला येतात.

आता तुमचा मुद्दा, की अजून काही गेलं नाही म्हणजे घाबरायचं कशाला. घाबरू नकाच, पण "काही गेलं नाही" याचा अर्थ "काही होणार नाही" असा घेऊ नका. असा डेटा चोरणारा माणूस आणि तो वापरणारा माणूस बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. पहिला तो विकतो, दुसरा विकत घेतो, तिसरा त्यात इतर ठिकाणचे चोरलेले डेटा मिसळून मोठी यादी करतो आणि ही यादी कित्येक महिन्यांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा चालवली जाते. ईमेल आणि पासवर्डची जोडी घ्यायची आणि प्रोग्राम लावून शेकडो साइटवर तीच टाकून बघायची. चोर इथे कुलूप तोडत बसतच नाही, सापडलेली किल्ली दारोदार लावून बघतो, लागली तर लागली. हजारात एखाद्याची जरी लागली तरी त्याचा धंदा होतो.

याचं सरळ उदाहरण सोनीचं आहे. एप्रिल २०११ मध्ये प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये घुसखोरी झाली आणि सुमारे ७ कोटी ७० लाख अकाउंटचा डेटा धोक्यात आला, ते सगळ्यांना माहितीये. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जे झालं ते फार कुणाच्या लक्षात नाही. सोनीला दिसलं की कुणीतरी प्रचंड संख्येने लॉगिन करून बघतंय, वापरलेले आयडी-पासवर्ड दुसरीकडूनच आणलेले होते, बहुतेक लागलेच नाहीत, पण तरी साधारण ९३ हजार अकाउंटवर लागले आणि ती त्यांना तात्पुरती बंद करावी लागली. म्हणजे या वेळी कुणी सोनीचा सर्व्हर फोडलाच नव्हता, लोकांनी एकच पासवर्ड दोन ठिकाणी ठेवला होता एवढंच. २०२० मध्ये निन्टेंडो या गेम कंपनीचंही असंच. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या लॉगिन आयडीतून लोकांच्या अकाउंटमध्ये शिरकाव झाला, आधी आकडा १ लाख ६० हजार सांगितला, जूनमध्ये तो ३ लाखांवर गेला, आणि कंपनीचं म्हणणं हेच होतं की आयडी-पासवर्ड आमच्या सेवेबाहेरून कुठूनतरी मिळवलेले आहेत. काहींच्या जोडलेल्या पेमेंट खात्यातून खरेदीही झाली होती. तेव्हा जुनी पद्धत बंद केली आणि लोकांना टू-स्टेप लावायला सांगितलं.

मेलमध्ये "हॅश केलेले" असा शब्द आहे, तो वाचून बऱ्याच जणांना हायसं वाटतं. थोडं समजून घ्या. हॅश म्हणजे पासवर्डवर एक गणित चालवून त्याचं लांबलचक आकड्या-अक्षरांचं रूप करतात, ते उलटं फिरवता येत नाही. बरोबर आहे, उलटं फिरवता येत नाही. पण उलटं फिरवतंय कोण? चोर काय करतो, लोक नेहमी वापरतात अशा पासवर्डची यादी घेतो, प्रत्येकावर तेच गणित चालवतो आणि चोरलेल्या हॅशशी जुळवत जातो. जुळला की पासवर्ड मिळाला. आणि अशी यादी त्याला तयारच मिळते, २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीचे ३ कोटींहून जास्त पासवर्ड फुटले होते, तेही हॅश वगैरे न करता जसेच्या तसे ठेवलेले, त्यातली यादी आजही पासवर्ड फोडायच्या कामात पहिली लावली जाते. त्यात सगळ्यात जास्त लोकांचा पासवर्ड होता १२३४५६, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही म्हणा.

मग सगळं अवलंबून राहतं कंपनीने कुठलं गणित वापरलं त्यावर. बीक्रिप्टसारखं मुद्दाम हळू केलेलं असेल तर एकेक अंदाज तपासायला वेळ लागतो, चोर कंटाळतो. एसएचए-१ सारखं जुनं, वेगवान असेल तर चांगल्या ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासून होतात. २०१९ मध्ये झिंगाचे, म्हणजे 'वर्ड्स विथ फ्रेंड्स' या गेमवाल्यांचे, सुमारे १७ कोटी ३० लाख अकाउंटचे तपशील गेले तेव्हा पासवर्ड सॉल्ट लावून पण एसएचए-१ मध्येच ठेवलेले होते. सॉल्ट म्हणजे प्रत्येक पासवर्डला वेगळं शेपूट जोडायचं, त्याने चोराचं काम वाढतं पण दुबळा पासवर्ड वाचत नाही. तुम्ही पाठवलेल्या मेलमध्ये हॅश कुठला ते लिहिलेलंच नाही. जी कंपनी चांगलं काही वापरते ती सहसा नाव घेऊन सांगते, हा आपला माझा अनुभवी संशय. तुम्ही सरळ धरून चाला की तुमचा तो पासवर्ड आता चोराला वाचता येतो.

म्हणजे तो पासवर्ड आता मेला. कुठेच वापरायचा नाही, त्याच्या शेवटी १ लावून नाही, पहिलं अक्षर मोठं करून नाही, उद्गारचिन्ह जोडून तर मुळीच नाही, कारण हे सगळे बदल पासवर्ड फोडायच्या प्रोग्राममध्ये आधीच भरलेले असतात, लोक काय करतात ते त्या लोकांना आपल्यापेक्षा जास्त माहितीये.

तो अजून कुठे आहे ते आठवत नाही म्हणालात. आठवू नका, शोधा. तुमच्या ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डची यादी असते, ती उघडा, बऱ्याच ब्राउझरमध्ये "हा पासवर्ड तुम्ही इतक्या ठिकाणी वापरलाय" आणि "हा फुटलेल्या यादीत आहे" असं तिथेच लिहून येतं. मग मेलबॉक्समध्ये "वेलकम", "व्हेरिफाय", "अकाउंट" असे शब्द टाकून सर्च करा, विसरलेल्या कित्येक साइट वर येतील. ट्रॉय हंट नावाच्या सिक्युरिटीवाल्याने २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पॉन्ड' अशी साइट सुरू केली, तिथे ईमेल टाकला की तो आतापर्यंत कुठल्या कुठल्या फुटीत सापडलाय ते फुकट कळतं. आकडा बघून धक्का बसेल, बसू द्या.

सगळं एका रात्रीत करायला जाऊ नका नाहीतर तिसऱ्या साइटला कंटाळाल आणि पुन्हा एकच पासवर्ड सगळीकडे लावाल. ईमेल झाला. मग बँक, मग जिथे जिथे कार्ड सेव्ह आहे त्या साइट, मग सोशल मीडिया. बाकीचं आठवडाभर जमेल तसं. आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड बनवून जपून ठेवणारा प्रोग्राम, घ्या, आता टाळू नका. पन्नास वेगळे पासवर्ड डोक्यात ठेवणं कुणालाच जमत नाही, जमतं म्हणणारा एकच पासवर्ड पन्नास ठिकाणी वापरत असतो. मॅनेजरचा एक लांब पासवर्ड लक्षात ठेवायचा, चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक लावलेत तरी चालेल, बाकीचे त्यालाच बनवू द्या. आणि दर महिन्याला सगळे पासवर्ड बदलायचा नेम वगैरे करू नका, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेसुद्धा २०१७ पासून सांगितलंय की उगाच ठराविक मुदतीने बदलायला लावू नका, फुटल्याचं कळलं की मात्र बदलाच.

सिक्युरिटी प्रश्नांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम बोलतो. २०१२ मध्ये ब्लिझार्ड या गेम कंपनीच्या नेटवर्कमध्ये चोर घुसले तेव्हा ईमेलबरोबर सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरंही गेली होती. पासवर्ड बदलता येतो, पण "तुमच्या पहिल्या शाळेचं नाव" कसं बदलणार? शाळा तीच, आईचं माहेरचं आडनाव तेच, आणि तेच उत्तर तुम्ही बँकेलाही दिलेलं असतं. तर जिथे असे प्रश्न आहेत तिथे जाऊन उत्तरं बदला आणि खोटी द्या. पहिल्या शाळेचं नाव विचारलं तर काहीही अगम्य टाका आणि मॅनेजरच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. कंपनीला खऱ्या उत्तराशी देणंघेणं नसतं, दोन्ही वेळा तेच टाकलंत का एवढंच ती बघते. मुलाच्या जन्मतारखेत मात्र असला खोटेपणा करू नका, वय कमी-जास्त टाकलं तर मुलांसाठीची चॅटची बंधनं आणि खरेदीची बंधनं त्यावरच ठरतात ती निघून जातात.

कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे गेले असतील तर तेवढ्यावरून कुणी पैसे काढू शकत नाही. पूर्ण नंबर गेल्याचं लिहिलं असतं तर म्हटलं असतं की आजच बँकेला सांगून कार्ड बंद करून दुसरं घ्या. पण ते चार आकडे बिनकामाचे नाहीत बरं का. उद्या फोन येईल, आवाज एकदम गोड, "मॅडम, तुमच्या मुलाच्या गेम अकाउंटवर संशयास्पद खरेदी झालीये, तुमचं कार्ड अमुक अमुक आकड्यांनी संपतंय ना? आणि जन्मतारीख ही ना? ते व्यवहार रद्द करायला तुम्हाला एक कोड आला असेल तो सांगा." नाव बरोबर, तारीख बरोबर, आकडे बरोबर, घटनासुद्धा खरी, माणूस खराच असणार असं वाटणारच. तो कोड दिला की संपलं. ज्याच्याकडे तुमची खरी माहिती आहे तो खरा असेलच असं आता राहिलेलं नाही, हे तुमच्या नवऱ्यालाही सांगून ठेवा कारण फोन त्यांनाही येऊ शकतो. फोन ठेवायचा, कार्डामागचा नंबर लावायचा, आपण होऊन.

असाच एक मेल येतो तो आधीच सांगून ठेवतो, २०१८ पासून हा प्रकार जोरात आहे. मेलच्या विषयातच तुमचा जुना पासवर्ड लिहिलेला असतो आणि आत लिहिलेलं असतं की तुमचा कॅमेरा मी ताब्यात घेतलाय, तुमचा नको तसला व्हिडिओ माझ्याकडे आहे, इतके पैसे द्या नाहीतर सगळ्यांना पाठवतो. त्याच्याकडे काहीही नसतं, पासवर्ड फुटलेल्या यादीतून उचललेला असतो. उत्तर देऊ नका, पैसे देऊ नका, डिलीट. मुलाला पण हे माहीत असू द्या, या वयात असला मेल वाचून पोरं हादरतात आणि आईबापाला सांगत नाहीत.

कार्ड मात्र गेमच्या अकाउंटवरून काढून टाका, ते तिथे साठवायची गरजच नाही. खेळात काही घ्यायचं झालं तर गिफ्ट कार्ड किंवा ठराविक रकमेचं वॉलेट वापरा, जाऊन जाऊन तेवढंच जाईल. बँकेचे व्यवहाराचे अलर्ट चालू ठेवा, आणि एकदम किरकोळ रकमेचा अनोळखी व्यवहार दिसला तर "जाऊ दे" म्हणू नका, कार्ड चालतंय का ते बघायला आधी छोटी रक्कमच काढून बघतात.

आता घरातलं भांडण. नवऱ्याचं म्हणणं समजतं पण अकाउंट आज उडवून काही उपयोग नाही. गेलेला डेटा गेला, तुम्ही डिलीट दाबल्यावर चोराकडची कॉपी डिलीट होत नाही. आणि कंपनीकडचीही लगेच होते असं समजू नका. त्या २०११ च्याच प्रकरणात सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंट या सोनीच्याच दुसऱ्या गेम कंपनीच्या सिस्टीममधून अमेरिकेबाहेरच्या लोकांचे १२,७०० च्या आसपास कार्ड नंबर गेले असावेत असं कंपनीने सांगितलं, आणि ते कुठे होते? २००७ च्या एका जुन्या, वापरात नसलेल्या डेटाबेसमध्ये. चार वर्षं कुणी विचारत नव्हतं तरी तो तिथे पडूनच होता. उलट अकाउंट आत्ता बंद केलंत तर लॉगिनची हिस्टरी बघता येणार नाही, काही खरेदी झाली तर दाद मागताना अडचण, आणि मुलाचं मन मोडेल ते वेगळंच. आत्ता ठेवा. सहा महिन्यांनी पोराचा त्या गेममधला जीव उडाला (उडतोच, विश्वास ठेवा) की मग कंपनीला रीतसर डेटा काढून टाकायची विनंती करून बंद करा. तोपर्यंत गेमलाही वेगळा पासवर्ड आणि टू-स्टेप, आणि गेमला जोडलेली दुसरी अकाउंटं, सोशल मीडियाचं लॉगिन वगैरे, नको असतील ती तोडा.

एक मात्र करा, अकाउंट तुमच्या मुख्य ईमेलवरून काढून गेमसाठीच्या वेगळ्या ईमेलवर न्या. २०२० मध्ये अ‍ॅनिमल जॅम या लहान मुलांच्या गेमचा सुमारे ४ कोटी ६० लाख अकाउंटचा डेटा गेला, त्यात सत्तर लाखांच्या आसपास ईमेल पत्ते आईबापांचे होते, मुलांचं अकाउंट काढताना दिलेले. खेळलं मुलांनी आणि यादीत गेले पालक. खेळाचा ईमेल वेगळा असला की पुढच्या वेळी जे काही गळेल ते तिथपर्यंतच गळेल.

आणि तो चॅटमधला "सपोर्ट टीम"वाला. पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ हीच. कुठलीही कंपनी खेळाच्या चॅटमध्ये येऊन पासवर्ड किंवा कोड मागत नाही. ही फसवणूक फार घासलेली आहे, साधारण अशी चालते: आधी एक ओळखीचा वाटणारा प्लेयर येतो आणि म्हणतो, "भाई सॉरी यार, मी चुकून तुझं अकाउंट रिपोर्ट केलं, आता तुझं बॅन होणार, या अ‍ॅडमिनला लगेच मेसेज कर." मग तो "अ‍ॅडमिन" येतो, लोगो वगैरे लावलेला, आणि म्हणतो की खरे मालक आहात ते सिद्ध करा, तुमच्या ईमेलवर कोड आलाय तो द्या, नाहीतर एक तासात अकाउंट कायमचं बंद. तेरा वर्षांच्या पोराला कायमचं बंद हे शब्द वाचून दुसरं काही दिसत नाही. मोठ्यांनाही दिसत नाही, ओळखीचा वाटणारा प्लेयरही बऱ्याचदा दुसऱ्या कुणाचं तरी चोरलेलं अकाउंट असतं म्हणून भरवसा बसतो.

त्याने उत्तर दिलं का ते सांगत नाहीये, म्हणजे बहुधा दिलंय. त्याला "काय केलंस ते सांग" असं विचारूच नका. त्याऐवजी म्हणा, "चल, दोघं मिळून तुझं अकाउंट पक्कं करूया, स्किन्स जाऊ द्यायच्या नाहीयेत." शेजारी बसा, लॉगिन हिस्टरी त्यालाच उघडू द्या, ती पोरं आपल्यापेक्षा पटकन उघडतात. तो मेसेज अजून असेल तर स्क्रीनशॉट काढा, मग रिपोर्ट आणि ब्लॉक. त्याने कोड दिलेला असेल तर पासवर्ड पुन्हा बदला, सगळीकडून लॉगआउट करा. फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये त्याने कुठली फाइल उतरवली का, "फ्री कॉइन्स" वगैरेची, तेही सहज विचारा. हो म्हणाला तर आधी ते काढून मशीन स्कॅन करा आणि पासवर्ड बदलायचं काम दुसऱ्या स्वच्छ डिव्हाइसवरून करा, नाहीतर नवीन पासवर्डही तिथूनच चोराला मिळेल. आणि नवऱ्याला दोन दिवस अकाउंट उडवायची भाषा बंद करायला सांगा. घरात शिक्षा आधी आणि मदत नंतर असं असलं की पोरगं पुढच्या वेळी त्या "अ‍ॅडमिन"लाच जास्त मानतं.

भरपाईबद्दल फार आशा धरू नका. सोनीने तेव्हा, नेटवर्क तीन आठवड्यांहून जास्त बंद राहिल्यावर, लोकांना एका यादीतले दोन गेम आणि तीस दिवसांची 'प्लेस्टेशन प्लस' ही एरवी पैसे भरून घ्यायची मेंबरशिप फुकट दिली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जानेवारी २०१३ मध्ये त्यांना अडीच लाख पौंडांचा दंड केला, पण दंड सरकारी तिजोरीत जातो, खेळणाऱ्यांच्या खिशात नाही. तुमच्याकडेही बहुतेक कॉइन्स नाहीतर एखादी स्किन येईल. (पोरगं खूश होईल.) पण त्या "भरपाई"ची लिंक मेलमध्ये आली तर त्यावर क्लिक करू नका, अशा फुटीनंतर खोट्या भरपाईचे मेल येतातच, खरं असेल तर गेममध्ये लॉगिन केल्यावर आतच दिसेल.

कंपनीला मात्र एक मेल टाका आणि साधे प्रश्न विचारा: घुसखोरी कधी झाली, तुम्हाला कधी कळली, आम्हाला कधी सांगितलंत, पासवर्ड कुठल्या पद्धतीने ठेवले होते, आमचा नेमका कुठला डेटा गेला. पहिल्या तीन तारखांमधलं अंतर बघा. प्लेस्टेशनच्या वेळी घुसखोरी १७ ते १९ एप्रिलची, नेटवर्क बंद केलं २० ला, आणि तुमची माहिती गेलीये असं लोकांना सांगितलं २६ ला, त्यावरून बरीच बोंब झाली होती. तुमच्या बाबतीत हे अंतर महिन्यांचं निघालं तर त्या मधल्या काळातले ईमेलचे लॉगिन आणि कार्डाचे व्यवहार मागे जाऊन तपासा, मेल आला त्या दिवसापासूनचे तपासून उपयोग नाही. "गैरवापराचा पुरावा आढळलेला नाही" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्यांना अजून काही दिसलेलं नाही.

शेवटचं एक काम मुलाकडून करून घ्या. त्या अकाउंटवर अगदी सुरुवातीला जी काही खरेदी केली असेल तिची पावती मेलमध्ये शोधा, अकाउंट काढलं त्याची तारीख, पहिलं यूजरनेम, कुठल्या डिव्हाइसवरून खेळायला सुरुवात केली, हे सगळं एका जागी लिहून पावतीच्या स्क्रीनशॉटसकट ठेवा. उद्या कुणी अकाउंट पळवलंच आणि ईमेलसुद्धा बदलून टाकला, तर खरी सपोर्ट टीम मालकी सिद्ध करायला साधारण हेच मागते, आणि चोराकडे जुन्या पावत्या सहसा नसतात. काही अडलं तर परत लिहा, त्या चॅटवाल्याचं पुढे काय झालं तेही कळवा.